गाडीने धडक दिली तर: पायी चालणाऱ्याचे हक्क आणि भरपाईचा दावा

रस्त्यावर माणसाला गाडीची धडक बसली की गर्दीतला कोणीतरी शहाणा लगेच तोडगा काढतो. दवाखान्याचा खर्च गाडीवाल्याने द्यायचा, पोलिसांत कोणी जायचं नाही, प्रकरण इथेच मिटवायचं. जखमीच्या घरच्यांनाही ते बरं वाटतं, कारण त्या क्षणी कोर्टकचेरी कोणालाच नको असते. पण मुका मार म्हणून घरी पाठवलेल्या गुडघ्यात आठवड्याभराने लिगामेंट तुटल्याचं निघतं, शस्त्रक्रिया होते, तीन-चार महिने काम बुडतं आणि तोवर गाडीवाला फोन उचलायचा बंद झालेला असतो.

या तोडग्यात मुळातच एक गैरसमज आहे. भरपाई गाडीवाल्याच्या खिशातून येते, असं सगळे धरून चालतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि पायी चालणारा माणूस हा त्या विम्यातला ‘तिसरा पक्ष’ आहे. म्हणजे गाडीवाला गरीब असो वा सज्जन, पैसे द्यायचे ते विमा कंपनीने. कंपनीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता मात्र पोलीस ठाण्यातून जातो. गाडीवाल्याची दया येऊन तक्रार टाळणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्यामुळे वाचतात ते बहुतेक वेळा विमा कंपनीचेच पैसे.

पहिला दिवस: दवाखाना

आधी उपचार. ११२ वर फोन करा. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका आहे आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक चालतो. अपघाताच्या रुग्णाला ‘आधी पोलीस, मग उपचार’ म्हणून कोणताही दवाखाना, सरकारी असो वा खाजगी, परत पाठवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्येच ठरवून दिलं आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. त्यात अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमून दिलेल्या रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. दाखल करतानाच ‘या योजनेत नोंद करा’ असं स्पष्ट सांगा. मागाहून बिल परत मिळवायला जाल तर हेलपाटेच पडतील.

दाखल करताना केसपेपरवर काय लिहिलं जातं याकडे लक्ष द्या. पोलिसांचं लचांड नको म्हणून घरचे ‘पाय घसरून पडले’ असं सांगतात आणि डॉक्टर तसं लिहून घेतात. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील न्यायाधिकरणात, म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालतात तिथे, तोच कागद पुढे करतो आणि म्हणतो, गाडीची धडक बसलीच नव्हती. तेव्हा पहिल्याच कागदावर ‘वाहनाची धडक’, जागा, वेळ आणि माहीत असल्यास गाडीचा नंबर लिहून घ्या, आणि दवाखान्याला एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला सांगा. दाव्यात या एका ओळीला पुढच्या अनेक साक्षींपेक्षा जास्त वजन असतं.

जखमीबरोबर कोणी असेल तर त्याने घटनास्थळीच गाडीच्या नंबर प्लेटचा, गाडी उभी आहे त्या जागेचा, ब्रेकच्या खुणांचा, झेब्रा क्रॉसिंग किंवा सिग्नलचा फोटो घ्यावा. जवळच्या दुकानावर किंवा सोसायटीच्या फाटकावर कॅमेरा असेल तर त्याचं चित्रीकरण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. म्हणून ते जपून ठेवण्याची विनंती दुकानदाराला आणि तपास अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या. ज्यांनी पाहिलं त्यांचे फोन नंबर घ्या. मदत करणाऱ्यांना पोलिसांची धास्ती असते. त्यांना सांगा की कलम १३४-अ प्रमाणे जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. ही भीती गेली की लोक बऱ्याचदा स्वतःहून नंबर देतात.

पोलीस ठाणे आणि तीन अहवाल

एफआयआर शक्य तितक्या लवकर नोंदवा. जखमी शुद्धीवर नसेल तर नातेवाईक किंवा पाहणारा कोणीही फिर्याद देऊ शकतो. दुसऱ्या हद्दीतल्या ठाण्यातही झीरो एफआयआर नोंदवता येतो. बेदरकारपणे गाडी चालवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि दुखापतीसाठी कलम १२५ साधारणपणे लागतं. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद करून घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात लेखी तक्रार द्या. तरीही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

उशीर झाला म्हणून दावा आपोआप बुडत नाही. माणूस आयसीयूत असताना घरच्यांनी आधी ठाण्यात जावं, अशी अपेक्षा न्यायालयंही करत नाहीत. फक्त उशिराचं कारण फिर्यादीतच लिहा.

यापुढचा भाग फार थोड्यांना माहीत असतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार भरपाईच्या कामाची सुरुवात पोलिसांनीच करायची आहे. तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा. १० दिवसांत जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना द्यायचा. ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे दाखल करायचा. चालक आणि मालक यांनी आपापले नमुने ३० दिवसांत भरून द्यायचे, तर जखमीने स्वतःचा नमुना ६० दिवसांत. कायद्यानुसार न्यायाधिकरणाने पोलिसांचा हा अहवालच भरपाईचा अर्ज मानायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये या नियमांची अंमलबजावणी करण्याचे आदेशही दिले.

हे सगळीकडे सारख्याच तत्परतेने होतं, असं मानून बसू नका. ठाण्यात जाऊन नाव घेऊन विचारा: ‘फर्स्ट ॲक्सिडेंट रिपोर्ट पाठवला का? त्याची प्रत द्या.’ समोरच्याला नियम माहीत आहेत हे कळलं की फाइल जरा लवकर हलते. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, जखमेचा दाखला, गाडीचं आरसी, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना आणि पुढे दोषारोपपत्र या सगळ्याच्या प्रती एका फाइलीत जमवत जा. पंचनामा नीट वाचा. धडक रस्त्याच्या मधोमध बसली की कडेला, झेब्रावर की बाहेर, हे त्यात चुकीचं असेल तर लगेच लेखी हरकत द्या.

‘तुम्हीच मध्ये आलात’

पायी चालणाऱ्याच्या प्रत्येक दाव्यात हा बचाव येतोच. झेब्रा नव्हता, सिग्नल हिरवा होता, माणूस मोबाइलवर बोलत होता.

दाव्यात हयगय सिद्ध करायची पातळी फौजदारी खटल्यासारखी कडक नसते. जास्त शक्यता कोणत्या बाजूची आहे एवढंच न्यायाधिकरण पाहतं. त्यामुळे फौजदारी खटल्यातून चालक निर्दोष सुटला, तरी भरपाईचा दावा त्याने आपोआप पडत नाही. तुमचीही थोडी चूक निघाली तर दावा फेटाळला जात नाही. तेवढ्या टक्क्यांनी रक्कम कापली जाते. वीस टक्के दोष तुमचा धरला, तर ऐंशी टक्के भरपाई मिळते. लहान मुलांच्या बाबतीत तर न्यायालयं सहसा असा दोष धरतच नाहीत. झेब्रा नसलेल्या जागी रस्ता ओलांडला, एवढ्यावर चालक मोकळा होत नाही. माणसं दिसत असताना वेग कमी करायची जबाबदारी त्याच्यावर असतेच. म्हणून जबाबात अंदाजाने ‘माझीच चूक असेल’ असं बोलून जाऊ नका. जे आठवतं ते सांगा, आठवत नसेल तर तसं सांगा.

चूक कोणाची हा वादच नको असेल तर कलम १६४ आहे: मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, हयगय सिद्ध न करता. हाड मोडणं किंवा निखळणं हे कायद्याने ‘गंभीर दुखापत’ असतं. पण या कलमाला एक अट जोडलेली आहे आणि ती सहीच्या वेळी कोणी समजावून सांगत नाही. ही रक्कम तडजोडीने स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे हयगय सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायचा, मोठा दावा संपतो. साधं फ्रॅक्चर, महिन्या-दीड महिन्यात बरा होणारा माणूस आणि चुकीबद्दल शंका असेल, तर अडीच लाख घेऊन मोकळं होणं शहाणपणाचं ठरू शकतं. कायमचं अधूपण राहणार असेल तर माझ्या मते मुळीच घेऊ नये. कारण पुढे पाहा.

रक्कम कशी ठरते

जखमीच्या दाव्यात दोन प्रकारचे पैसे असतात. एक, प्रत्यक्ष झालेला आणि होणारा खर्च: औषधं, शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी, रिक्षा-टॅक्सी, सोबत राहणाऱ्या माणसाचा खर्च, पुढे रॉड काढायची शस्त्रक्रिया, काम बुडाल्याचं उत्पन्न. दुसरा प्रकार वेदना, आयुष्यातला आनंद हिरावला जाणं, लग्नाची शक्यता कमी होणं यांसाठीचा. पण मोठी रक्कम येते ती पहिल्याच प्रकारातल्या आणखी एका गोष्टीतून: कायमच्या अधूपणामुळे पुढच्या कमाईत येणारी घट.

त्याचं गणित ठरलेलं आहे. वार्षिक उत्पन्न, त्यात भविष्यातली वाढ, त्याला कमाईच्या क्षमतेतल्या घटीची टक्केवारी आणि शेवटी वयानुसार गुणक. गुणकाचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घालून दिला: २१ ते २५ वयाला १८, ३१ ते ३५ ला १६, ४१ ते ४५ ला १४, ५१ ते ५५ ला ११, ६५ च्या पुढे ५. वाढीचं प्रमाण २०१७ च्या घटनापीठाच्या निकालातून आलं. स्वतःचा व्यवसाय किंवा ठरावीक पगार असणाऱ्याला चाळिशीच्या आत ४० टक्के, ४० ते ५० मध्ये २५ आणि ५० ते ६० मध्ये १० टक्के. कायम नोकरी असेल तर याच क्रमाने ५०, ३० आणि १५ टक्के.

समजा, ३४ वर्षांचा शिंपी आहे, महिना २०,००० रुपये कमावतो. वर्षाचे २,४०,०००, ४० टक्के वाढ धरून ३,३६,०००. पायाच्या दुखापतीने कमाईची क्षमता २५ टक्के घटली, म्हणजे वर्षाला ८४,०००. गुणक १६. एकूण १३,४४,००० रुपये, आणि यात औषधोपचार अजून धरलेला नाही. आता याच माणसाकडे उत्पन्नाचा कागद नसेल आणि न्यायाधिकरणाने महिना १२,००० धरले, तर हाच आकडा ८,०६,४०० वर येतो. दुखापत तीच, पाय तोच. फरक फक्त कागदाचा, आणि तो सव्वापाच लाखांहून अधिक.

तेव्हा उत्पन्नाचा पुरावा जमवा. पगारपत्रक, आयकर विवरणपत्र, बँकेचं पासबुक, यूपीआयच्या नोंदी, गुमास्ता परवाना, शेतकऱ्याचा सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या, ऑर्डरची वही, मालकाचा दाखला आणि तो द्यायला मालक स्वतः साक्षीला येईल का याची खात्री. घर सांभाळणाऱ्या बाईचं उत्पन्न शून्य नसतं. तिच्या कामाचं मोल धरून भरपाई द्यायची आणि त्यात भविष्यातली वाढही मिळवायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. दाव्यात तिला नुसतं ‘गृहिणी’ लिहून सोडू नका. ती काय काय करत होती आणि आता त्यासाठी कोणाला ठेवावं लागलं, ते लिहा.

दिव्यांगत्वाच्या टक्केवारीत बरेच जण फसतात. जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर ‘डावा पाय, ४० टक्के’ लिहिलेलं असतं आणि लोक तोच आकडा धरून बसतात. न्यायाधिकरण विचारतं, या माणसाच्या कामावर याचा किती परिणाम झाला? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालातलं हे सूत्र दोन्ही बाजूंनी लागू होतं. टेबलावर बसून काम करणाऱ्या कारकुनाला पायाचं ४० टक्के अधूपण कमाईत फारसं नडणार नाही. विटा वाहणाऱ्या मजुराला ते शंभर टक्क्यांच्या जवळ नेऊ शकतं. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष घडवा. ‘हा माणूस पूर्वीचं काम करू शकेल का’ या प्रश्नाचं त्यांचं उत्तर नोंदीवर आलं पाहिजे. डॉक्टरांना वेळ नसतो, समन्स काढायला वकील कंटाळा करतात आणि नुसतं प्रमाणपत्र जोडून भागवलं जातं. तिथे दावा निम्म्यावर येऊ शकतो.

बिलांबाबत थोडक्यात: मूळ बिलं, प्रत्येक बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी, तारखेनुसार लावलेली. मेडिक्लेमने खर्च दिला असेल तर तो भरपाईतून वजा होईल, ही भीती महाराष्ट्रात आता नको. ती रक्कम वजा करता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. अर्थात मूळ बिलं मेडिक्लेमवाले ठेवून घेतात, म्हणून आधी साक्षांकित प्रती काढून घ्या.

दावा दाखल करणं

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, यांपैकी कुठेही दाखल करता येतो. परगावी अपघात झाला म्हणून तिकडे खेटे घालायची गरज नाही. चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही सामनेवाले करा.

मुदत अपघातापासून सहा महिने. ही अट १ एप्रिल २०२२ पासून आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मधल्या अंतरिम आदेशाने केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असं सांगितलं आहे. उशीर झालेल्यांनी म्हणूनच आशा सोडू नये. ज्यांचे सहा महिने व्हायचे आहेत त्यांनी मात्र या आदेशाच्या भरवशावर बसू नये. पोलिसांचा अहवाल गेला असला तरी स्वतःचा अर्ज वेळेत टाकणं उत्तम. मागितल्यापेक्षा जास्त रक्कमही न्यायाधिकरण देऊ शकतं, त्यामुळे आकडा नक्की नाही म्हणून अर्ज अडवून ठेवू नका. बँक खात्याचे तपशील, आधार आणि पॅन अर्जातच द्या. पैसे थेट खात्यात जमा होतात.

वकिलांबद्दल. ‘आत्ता काही देऊ नका, निकालानंतर तीस टक्के द्या’ असा करार सर्रास होतो. भरपाईत टक्केवारीने वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मना आहे. ठरावीक फी ठरवा आणि पावती घ्या. दवाखान्यातच गाठून कोऱ्या वकीलपत्रावर सही मागणाऱ्या दलालांना दारातूनच परत पाठवा. स्त्रिया, मुलं, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. इतरांना उत्पन्न मर्यादेत असल्यास. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

सविस्तर अहवाल मिळाल्यावर विमा कंपनीने ३० दिवसांत आपला प्रस्ताव द्यायचा असतो. वरचं गणित स्वतः करून पाहा आणि मगच उत्तर द्या. उपचार चालू असताना, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळायच्या आधी ‘पूर्ण व अंतिम’ या शब्दांखाली सही करू नका. लोकअदालतीत तडजोड केली तर लवकर पैसे मिळतात, पण त्या निवाड्यावर अपील नाही.

गाडीला विमा नसेल, किंवा गाडी पळून गेली असेल

चालकाकडे परवाना नव्हता, पॉलिसीच्या अटी मोडल्या, असं कंपनी म्हणते तेव्हा बहुतेक प्रकरणांत न्यायाधिकरण ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देतं. मुळात विमाच नसेल तर जबाबदारी मालकाची. मालक म्हणजे आरसीवर नाव असलेला माणूस. ‘गाडी मी कधीच विकली’ हे तोंडी सांगणं चालत नाही. अशा वेळी पोलिसांनी जप्त केलेली गाडी सहजासहजी सुटू देऊ नका. विमा नसलेली गाडी पुरेसं तारण घेतल्याशिवाय सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०१८ चे निर्देश आहेत. गाडी सोडवण्याच्या अर्जावर हरकत घ्या; पुढे वसुलीला ती गाडीच उपयोगी पडते.

गाडीचा पत्ताच लागला नाही तर कलम १६१ ची योजना आहे: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. ती न्यायाधिकरणात नव्हे, महसूल खात्यात मागायची. अपघात जिथे झाला तिथल्या तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात चौकशी अधिकारी असतो. एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, ओळखपत्र आणि बँक तपशील जोडून नमुना एक मध्ये अर्ज द्यायचा. चौकशी एका महिन्यात संपवून अहवाल जिल्हा पातळीवर जातो आणि मंजुरीनंतर पैसे थेट खात्यात येतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती घेतल्याने पुढचा दावा बंद होत नाही. नंतर गाडी सापडली आणि मोठी भरपाई मिळाली, तर एवढी रक्कम परत द्यावी लागते, इतकंच.

निवाड्यानंतर

निवाड्यात व्याजही मिळतं, साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून. रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील नाही. पैसे भरलेच नाहीत, तर दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून न्यायाधिकरणाकडून वसुलीचा दाखला मागा. जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. बऱ्याच निवाड्यांत काही रक्कम मुदत ठेवीत अडकवून ठेवली जाते. मध्येच शस्त्रक्रिया, मुलांचं शिक्षण किंवा घराचं काम निघालं, तर कारण आणि कागद जोडून ती मोकळी करण्याचा अर्ज न्यायाधिकरणाकडे करता येतो.